बूट होताना एसईलिनक्सची लेबलं: सगळं रीलेबल केलं, तरी सांबा आणि वेबसर्व्हर अडूनच

मये_तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात एक छोटा सर्व्हर आहे, अल्मालिनक्स ९ वर चालणारा. गावोगावच्या जत्रांत होणाऱ्या संगीत नाटकांच्या हस्तलिखित संहिता आणि भजनी मंडळांच्या वह्या स्कॅन करून त्यावर ठेवतो. दर पावसाळ्यात कसर आणि बुरशी मिळून काही ना काही खातातच, म्हणून हा उद्योग. स्कॅन करणारी मुलं सांबावरून (नेटवर्कवर फोल्डर वाटून देणारा प्रोग्रॅम) फायली टाकतात, वाचक आतल्या नेटवर्कवर ब्राउझरमधून बघतात. बाहेरच्या इंटरनेटला काहीच उघडं नाही.

डिस्क कुरकुरायला लागल्या म्हणून दोन्ही बदलून घेतल्या. बदलून देणाऱ्या मुलानं उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून आरसिंक (फायली कॉपी करणारी कमांड) करून सगळं नव्या डिस्कवर आणलं. मशीन सुरू होतं, पण पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाही. अडवत होतं एसईलिनक्स, म्हणजे फायली आणि प्रक्रियांवरच्या लेबलांवरून कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी लिनक्सची सुरक्षा. ग्रबमध्ये (बूटचा मेनू) 'एन्फोर्सिंग=०' देऊन तिचं अडवणं थांबवल्यावर आत शिरता आलं. मग रूट डिरेक्टरीत रिकामी '/.ऑटोरीलेबल' फाइल केली आणि रीबूट. स्क्रीनवर बराच वेळ आकडे सरकले, मशीन आपोआप पुन्हा चालू झालं, लॉगिन आता नीट होतं.

पण '/डेटा'वरच्या संहिता सांबातही उघडत नाहीत आणि वेबवरही नाहीत. '/डेटा' ही वेगळी डिस्क आहे. रीलेबल पूर्ण झालं तर हे मागे कसं राहिलं? आणि बूटच्या वेळी ही लेबलं नेमकी लावतं कोण?

(कमांडी देवनागरीत लिहितोय, इथला रिवाज म्हणून. टर्मिनलवर अर्थात रोमनमध्येच.)

सुशेगाद_सिसॅडमिन

'/ईटीसी/एसईलिनक्स/कॉन्फिग'मध्ये डिसेबल्ड लिहा, रीबूट करा, चहा घ्या. वाचनालय आहे हो, नौदलाचा तळ नव्हे.

कर्नल_कुळागर

मयेकर बाब, वरचा सल्ला जरा बाजूला ठेवा, त्यावर नंतर येतो. आधी 'एलएस -एलडीझेड /डेटा /डेटा/संहिता' चालवून लेबलातला तिसरा भाग, म्हणजे प्रकार, काय दिसतो ते सांगा. तिथे 'अनलेबल्ड_टी' असेल तर रीलेबल करणारा तिथवर पोचलाच नाही. 'डीफॉल्ट_टी' असेल तर तो पोचला, पण काय लावायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दिसायला दोन्हीकडे 'परवानगी नाही' एवढंच, इलाज मात्र वेगळे. एफएसटॅबमधली (बूटला कुठली डिस्क कुठे लावायची ती यादी) '/डेटा'ची ओळही टाका.

मये_तळ्याकाठी

दोन्हीकडे 'अनलेबल्ड_टी'. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी, मग '/डेटा', एक्सएफएस, आणि पर्यायांत 'डीफॉल्ट्स,नोफेल'. ते नोफेल आधीच्या स्वयंसेवकानं घातलेलं. डिस्क बिघडली तरी मशीन सुरू व्हावं म्हणून, असं त्यानं वहीत लिहून ठेवलंय.

कर्नल_कुळागर

मग सापडलं. पण तुम्ही 'कोण लावतं' असंही विचारलंय, म्हणून जरा मुळापासून सांगतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे धागे काढावेच लागत नाहीत.

कर्नल उठतो तेव्हा एसईलिनक्स त्याच्यात असतं, पण नियम नसतात. नियमांची पॉलिसी मुख्य डिस्कवर, '/ईटीसी/एसईलिनक्स'मध्ये असते आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टिम) चालू असताना ती डिस्क अजून मूळ झालेली नसते. तेवढ्या काळात सगळ्या प्रक्रिया 'कर्नल_टी' या एकाच प्रकारात चालतात. खरी मूळ डिस्क हाती आली की सिस्टमडी (बाकी सगळ्या सेवा सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) पहिल्या काही कामांतच पॉलिसी कर्नलमध्ये भरतो. मग स्वतःच्या बायनरीवरचं लेबल बघून 'इनिट_टी'मध्ये जातो आणि '/डेव्ह', '/रन' वगैरेंवर लेबलं लावतो. या जागा मेमरीत असतात, मशीन बंद झालं की पुसल्या जातात, त्यामुळे हे काम प्रत्येक बूटला करावंच लागतं. जर्नलमध्ये 'जर्नलसीटीएल -बी' करून एसईलिनक्स शोधा, पॉलिसी किती मिलिसेकंदांत भरली आणि हे रीलेबल किती वेळात झालं, दोन्ही ओळी दिसतील. पुढे येणाऱ्या उपकरणांच्या फायलींना यूडेव्ह (उपकरणं सांभाळणारी सेवा) लेबल लावतो.

डिस्कवरच्या फायलींचं तसं नाही. त्यांचं लेबल फाइलसोबतच, 'सिक्युरिटी.एसईलिनक्स' नावाच्या विस्तारित गुणधर्मात, डिस्कवरच साठवलेलं असतं. बूटला ते फक्त वाचलं जातं. म्हणून नेहमीच्या बूटला कुणी अख्खी डिस्क चाळत नाही. तुमच्या बाबतीत आरसिंकला मोठा 'एक्स' पर्याय दिला नव्हता, त्यामुळे हे गुणधर्म आलेच नाहीत. उबुंटूत अ‍ॅपआर्मर ही वेगळी सुरक्षा चालते, एसईलिनक्सची पॉलिसी नसते, म्हणून तिकडून लिहिलेल्या नव्या फायलींनाही कुणी लेबल दिलं नाही. नवी डिस्क सगळीच कोरी.

आता तुम्ही ठेवलेली '/.ऑटोरीलेबल'. बूटच्या अगदी सुरुवातीला सिस्टमडीचा एक छोटा प्रोग्रॅम, जनरेटर, ही फाइल आहे का बघतो (कर्नलच्या ओळीत 'ऑटोरीलेबल=१' दिलं तरी चालतं) आणि असली तर नेहमीच्या टार्गेटऐवजी रीलेबलच्या टार्गेटकडे गाडी वळवतो. तिथली स्क्रिप्ट आधी एन्फोर्सिंग शून्यावर नेते, मग 'फिक्सफाइल्स रीस्टोर' (सगळ्या डिस्कवर लेबलं लावणारी कमांड) चालवते, ते संपल्यावर फाइल पुसते आणि रीबूट करते. रीबूट एवढ्यासाठी की सिस्टमडीची बायनरीच बिनलेबलची असेल तर तो 'इनिट_टी'त गेलेलाच नसतो, 'कर्नल_टी'तच अडकून पडतो आणि त्याच्या पोटची प्रत्येक सेवाही चुकीच्या प्रकारात चालते. लेबलं सुधारली तरी चालू प्रक्रिया सुधारत नाहीत, त्या पुन्हा सुरूच कराव्या लागतात.

फिक्सफाइल्स सुरू होताना त्या क्षणी माउंट असलेल्या, लिहिता येणाऱ्या आणि लेबलं सांभाळणाऱ्या फाइलसिस्टिमांचीच यादी काढतो. नोफेल म्हटलं की सिस्टमडी त्या माउंटसाठी थांबत नाही, बूट पुढे नेतो. यादी निघाली तेव्हा तुमची '/डेटा' अजून लागलीच नव्हती. कुठे चूक दाखवायची गरजच पडली नाही, कारण फिक्सफाइल्सच्या लेखी ती डिस्क नव्हतीच.

आत्तापुरतं, ती माउंट आहे हे पाहून 'रीस्टोरकॉन -आरव्ही /डेटा' चालवा. त्यासाठी रीबूट लागत नाही. पण तेवढ्यानं काम होणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

वास्को_टर्मिनस

म्हणून मी उबुंटूवाला. अ‍ॅपआर्मरमध्ये लेबलंच नाहीत, नियम फाइलच्या पाथवर. डिस्क बदला, आरसिंक करा, काही फरक पडत नाही.

कर्नल_कुळागर

खरं आहे, पण बूटचा मुद्दा तिथेही सुटत नाही. प्रोफाइल, म्हणजे त्या प्रोग्रॅमचे नियम, लागतं ते प्रोग्रॅम सुरू होताना. प्रोफाइल भरायच्या आधी जी प्रक्रिया चालू झाली ती मोकळीच राहते. म्हणून ती सेवा बूटमध्ये इतक्या लवकर ठेवलेली असते.

मये_तळ्याकाठी

रीस्टोरकॉन केलं. आता सगळीकडे 'डीफॉल्ट_टी' आणि दरवाजा बंदच. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं, राव.

कर्नल_कुळागर

होणारच. रीस्टोरकॉन म्हणा, फिक्सफाइल्स म्हणा, बूटच्या वेळचं रीलेबल म्हणा, तिन्ही एकाच नोंदवहीतून वाचतात: कुठल्या पाथला कुठलं लेबल, हे लिहिलेली फाइल-कॉन्टेक्स्टची यादी. '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' त्यात आहे, '/होम' आहे. तुमच्या गावची '/डेटा' तिच्यात कशी असणार? वाचनालयाचा कारकून रजिस्टरात नसलेल्या पुस्तकाला नंबर लावू शकत नाही, तसंच हे. जिथे नियम नाही तिथे 'डीफॉल्ट_टी' आणि ते वाचायची मुभा सांबालाही नाही, तुमच्या वेबसर्व्हरला, अपाचेलाही नाही.

जुन्या डिस्कवर हे चालत होतं, म्हणजे एक तर कुणीतरी 'चकॉन' करून थेट फायलींवर लेबल चिकटवलं होतं, नाहीतर मशीन परमिसिव्हमध्ये (नकार फक्त नोंदवायचा, अडवायचं नाही) होतं. चकॉनची नोंद यादीत होत नाही, पुढच्या रीलेबलला ते लेबल उडू शकतं. म्हणून नियम लिहायचा, मग रीस्टोरकॉन.

आता कुठलं लेबल? फक्त सांबा असता तर 'सांबा_शेअर_टी'. फक्त वेब असतं तर 'एचटीटीपीडी_सिस_कॉन्टेंट_टी'. तुम्हाला तीच फाइल दोघांनाही हवी आहे आणि एका फाइलला प्रकार एकच असतो. अशा सामायिक जागेसाठी 'पब्लिक_कॉन्टेंट_आरडब्ल्यू_टी' आहे:

सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी पब्लिक_कॉन्टेंट_आरडब्ल्यू_टी '/डेटा/संहिता(/.*)?'
रीस्टोरकॉन -आरव्ही /डेटा/संहिता
सेटसीबूल -पी एसएमबीडी_अ‍ॅनॉन_राइट ऑन

अपाचे वाचेल, सांबा वाचेल आणि तिसऱ्या ओळीमुळे सांबाला लिहिताही येईल. बूलियनचं (पॉलिसीतला चालू-बंद खटका) नाव बघून दचकू नका, त्यानं शेअर निनावी होत नाही. ते सांबाच्या स्वतःच्या कॉन्फिगवर आहे. मोठा 'पी' विसरलात तर पुढच्या बूटला बूलियन परत बंद. सीमॅनेज सापडत नसेल तर 'पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स' हे पॅकेज घाला, छोट्या इन्स्टॉलमध्ये ते नसतं.

फोंड्याची_मास्तरीण

सामायिक लेबलाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, मग लोक ऑडिट२अलाउ (नोंदलेल्या नकारांवरून परवानगीचे नियम बनवणारी कमांड) चालवून काहीही नियम आत ढकलतात. मुलांना मी आधी 'ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' करून नकाराची ओळ वाचायलाच लावते. कोण मागतंय, काय मागतंय, कुठल्या लेबलाच्या वस्तूवर, हे तिन्ही त्यात असतं. लेबल चुकलेलं असताना नवा नियम करणं म्हणजे 'डीफॉल्ट_टी' सगळ्यांना खुलं करणं.

वरच्या लॉगिनच्या भानगडीसारखीच एक आमच्या लॅबमध्ये नेहमी होते, म्हणून इथेच सांगून ठेवते. रूटचा पासवर्ड विसरला की मुलं 'आरडी.ब्रेक' देऊन इनिटरॅमएफएसमध्ये थांबतात, '/सिसरूट' लिहिण्यायोग्य करून क्रूट करतात (तीच मूळ डिस्क धरून काम करतात) आणि पासवर्ड बदलतात. त्या टप्प्यावर पॉलिसी भरलेली नसते आणि पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम शॅडो ही पासवर्डांची फाइल नव्यानं लिहितो. नव्या फाइलला लेबल नाही. पुढचा बूट एन्फोर्सिंगमध्ये, मग नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाही. पुस्तकं म्हणतात '/.ऑटोरीलेबल' ठेवा. ते चालतं, पण एका फाइलसाठी अख्खी डिस्क चाळणं झालं. 'आरडी.ब्रेक'सोबत 'एन्फोर्सिंग=०' द्यायचं, आत आल्यावर 'रीस्टोरकॉन /ईटीसी/शॅडो', मग 'सेटएन्फोर्स १'. झालं.

सुशेगाद_सिसॅडमिन

एवढी पोथी वाचून मला माझाच सल्ला जास्त आवडायला लागलाय. प्रश्न साधा आहे: आतल्या नेटवर्कवरच्या नाटकांच्या स्कॅनना कोण येणार चोरायला?

कर्नल_कुळागर

स्कॅन चोरायला कुणी येत नाही, मशीन वापरायला येतात. २०१७ मधली सांबातली सीव्हीई-२०१७-७४९४ ही सुरक्षेतली त्रुटी आठवते? लिहिता येणाऱ्या शेअरवर एक लायब्ररी फाइल टाकायची आणि सर्व्हरकडूनच ती चालवून घ्यायची. ३.५.० पासूनच्या आवृत्त्यांत ते भोक होतं. मयेकरांकडे नेमका लिहिता येणारा शेअर आहे आणि मुलांचे लॅपटॉप त्याच नेटवर्कवर येतात. रेड हॅटच्या मूळ पॉलिसीत सांबाला स्वतःच्या मॉड्यूलच्या जागांबाहेरून मॉड्यूल चढवायची मुभा नव्हती, त्यामुळे एन्फोर्सिंगमध्ये असलेल्या मशीनवर तो हल्ला तिथेच अडत होता. पॅच यायच्या आधीच.

शिवाय तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल तर तोही हेच चालवतो. २०१४ च्या ५.० पासून पूर्ण एन्फोर्सिंग. तो तुम्ही कधी डिसेबल केला?

आणि डिसेबल्ड लिहिण्याचा अर्थही आता बदललाय. आरएचईएल ९ च्या (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) घराण्यात, म्हणजे अल्मालिनक्स ९ मध्येही, कॉन्फिगमध्ये डिसेबल्ड लिहिलं तर एसईलिनक्स जात नाही, ते पॉलिसीशिवाय चालू राहतं. खरंच घालवायचं तर कर्नलच्या ओळीत 'एसईलिनक्स=०' लागतं. दोन्हीकडे परिणाम तोच, मधल्या काळातल्या नव्या फायली बिनलेबलच्या.

सुशेगाद_सिसॅडमिन

सांबाचा मुद्दा मान्य. फोनचा नाही, फोनवर ती लेबलं कंपनी सांभाळते, मला रविवारी रात्री उठावं लागत नाही. आमच्याकडे तरी मी बंदच ठेवणार.

पेडण्याचा_पोर

काका, मी मागे डिसेबल्ड करून ठेवलंय, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. परत चालू करायचं तर थेट एन्फोर्सिंग लिहून रीबूट केलं तर?

फोंड्याची_मास्तरीण

थेट नको रे. आधी परमिसिव्ह लिही. कर्नलच्या ओळीत 'एसईलिनक्स=०' असेल तर ते 'ग्रबी'नं काढ. मग 'फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट', त्यातला एफ मोठा. यानं '/.ऑटोरीलेबल' फाइलच तयार होते, फक्त तिच्या पोटात तो पर्याय लिहिलेला असतो आणि बूटची स्क्रिप्ट तो वाचते. रीबूट, रीलेबल, आपोआप पुन्हा रीबूट. थोडे दिवस परमिसिव्हमध्ये वापर, नकार नोंदले जातात पण अडवले जात नाहीत. ऑडिट लॉग शांत झाला की एन्फोर्सिंग.

डिसेबल्ड असताना एक सेवा बूटला स्वतःहून '/.ऑटोरीलेबल' ठेवत असते, म्हणजे पुढे चालू केलंस की रीलेबल होईलच. तरी तू परमिसिव्हमधूनच जा. सगळी लेबलं चुकीची असताना एन्फोर्सिंगमध्ये उठलेलं मशीन कधीकधी त्या रीलेबलच्या स्क्रिप्टपर्यंतच पोचत नाही.

मये_तळ्याकाठी

चाललं! तिन्ही ओळी दिल्या, ब्राउझरमध्ये संहिता उघडली, लॅपटॉपवरून एक पान टाकूनही बघितलं. देव बरें करूं.

दोन शंका. एक, आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि यूपीएस म्हातारा आहे. रीलेबल चालू असताना वीज गेली तर? दोन, नोफेल काढू का?

कर्नल_कुळागर

वीज गेली तर भिऊ नका. '/.ऑटोरीलेबल' पुसली जाते ती काम संपल्यावर, त्यामुळे पुढच्या बूटला सगळं पहिल्यापासून चालू होतं. अर्धवट राहिलेलं रीलेबल म्हणजे काही फायलींना लेबल लागलेलं, काहींना नाही, इतकंच. खरा धोका माणसाचा असतो. आकडा हलत नाही असं वाटून कुणीतरी पॉवरचं बटण दाबतो. वेळ लागतो तो फायलींच्या संख्येवर, आकारावर नाही. दोनशे जीबीचे चार व्हिडिओ क्षणात होतात, पण वेबसाइटच्या लाखो बारीक फायलींची कॅशे असेल तर जेवून यावं.

फाइलसिस्टिमच बिघडली तर गोष्ट वेगळी, ती लेबलांची नव्हे. यूपीएसची बॅटरी मात्र खरंच बदला.

नोफेल ठेवा. स्वयंसेवकानं केलं ते बरोबर केलं, डेटाची डिस्क गेली म्हणून मशीनच उठू नये हे वाईट. फक्त रीलेबलच्या बूटपुरतं ते काढायचं, किंवा तसंच ठेवून नंतर हातानं 'रीस्टोरकॉन -आर /डेटा' करायचं. मी दुसरं करतो. नियम आता यादीत आहे, त्यामुळे कितीही वेळा केलं तरी तेच लेबल लागणार. हे त्या वहीत लिहून ठेवा.

आणखी एक. मुलं स्कॅन आधी स्वतःच्या होममध्ये ठेवून मग '/डेटा'त 'एमव्ही' करत असतील तर होमचं लेबल सोबत येतं आणि ती फाइल वेबवर दिसत नाही. 'सीपी' केलं तर नव्या जागेचं लेबल लागतं. एमव्हीच हवं असेल तर त्याला मोठा 'झेड' द्या. सांबातून थेट टाकलं तर हा प्रश्नच नाही.

वास्को_टर्मिनस

धाग्याच्या कडेनं विचारतो. पेनड्राइव्हवरून आलेल्या फायलींचं काय? बूटला पेनड्राइव्ह लावलेला असला तर तोही रीलेबल होतो का?

फोंड्याची_मास्तरीण

फॅट फाइलसिस्टिम असेल तर नाही. तिच्यात विस्तारित गुणधर्म ठेवायला जागाच नाही, त्यामुळे कर्नल अख्ख्या पेनड्राइव्हला एकच लेबल धरतो, 'डॉसएफएस_टी', आणि फिक्सफाइल्स तिकडे वळतही नाही. वेगळं लेबल हवंच असेल तर माउंट करतानाच 'कॉन्टेक्स्ट=' हा पर्याय द्यायचा. त्या माउंटपुरतं सगळ्या फायलींना ते लागतं, डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. एनएफएसचंही (नेटवर्कवरून लावलेली डिस्क) बहुतेक ठिकाणी असंच, तिथे 'एनएफएस_टी' दिसेल.

पेनड्राइव्हवरून '/डेटा/संहिता'त सीपी केलंत तर लेबल तिथलंच लागेल. 'सीपी -ए' नको, तो जुनं लेबल जपायला बघतो.